रूथला मी बोलू दिलं नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ख्रिस्ती देवळातल्या पाळकसाहेबांना नाही, ह्यांना तर नाहीच — ते बिचारे हे न कळताच गेले. आणि मी तर किती बोलकी! केडगाव स्टेशनावर गाडीची वाट बघता बघता शेजारच्या बाईच्या माहेरची सगळी माणसं विचारून घेते. पण ह्या एका गोष्टीपाशी आलं की माझं तोंड उघडत नाही.

माझी लेक रूथ. भीमेपल्याड, वडगाव रासाईला दिली होती. पोटात कॅन्सर निघाला, तशी तिला मी खुटबावला घरी आणली. देवळाच्या मंडळीतल्या बायका रोज दुपारी प्रार्थनेला यायच्या. पलंगाभोवती बसून गायच्या, तिच्या डोक्यावर हात ठेवायच्या. जीव लावणाऱ्या बायका हो, त्यांना नावं नाही ठेवत मी. आमच्यात रीत आहे — माणूस बरं झालं की देवळात उभं राहून साक्ष द्यायची, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायचं. रूथ साक्षीला कुठली साडी नेसेल, तेसुद्धा मी मनात ठरवून ठेवलं होतं. हसू नका. नाहीतर हसा.

एका दुपारी गाणं चालू असतानाच रूथ म्हणाली, "आई, बास करा गं आता. वर कुणीबी ऐकत न्हाई. मी काय वाईट केलं हुतं त्याचं?"

गाणं थांबलं. सगळ्याजणी बघायला लागल्या. रूथकडं नाही — माझ्याकडं.

आता सांगतेच. मी त्या सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "असल्या तोंडानं कशी बरी व्हशील? तुझा इश्वासच न्हाई, म्हणून तर गुण येईना."

आजारी लेकराला. स्वतःच्या.

आणि खरं काय होतं? तोच प्रश्न मी रोज सकाळी भाकरी थापताना त्याला विचारत होते. त्याहून वाईट शब्दांत — शिव्या देत होते मी, चुलीपुढं, एकटी. तिनं फक्त मोठ्यानं विचारलं. मग मला भीती कुणाची वाटली? देवाची, का त्या बायकांची?

त्यानंतर रूथ कधी तसं बोलली नाही. कुणी आलं की म्हणायची, "प्रभू चांगला हाय, मावशी." कळ आली की चादरीचा बोळा दातात धरायची, आणि माझ्याकडं बघायची — बरोबर बोलले ना, अशी. मरेपर्यंत पोर मला विश्वास दाखवत राहिली.

ती गेल्यावर देवळात साक्ष मीच दिली. म्हटलं, लेक शेवटपर्यंत प्रभूचे उपकार मानत गेली. सगळे रडले. तेव्हापासून कुणाच्या घरी दुःख झालं की ती साक्ष सांगायला मला बोलावतात. आणि मी जाते.

गेल्या महिन्यात मंडळीतल्याच एका सुनेचं तान्हं बाळ गेलं. सासू म्हणाली, "मावशी, सांगा की हिला आपल्या रूथचं." मी सांगितलं. नेहमीसारखं, सगळं. पोरगी खाली मान घालून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "म्हंजी माझाच इश्वास कमी पडला म्हणायचा."

'न्हाई गं बाई' — एवढंच म्हणायचं होतं. सासू माझ्या तोंडाकडं बघत होती. मी चहाचा कप खाली ठेवला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि प्रार्थनेला सुरुवात केली.