घामाचा पुरावा

मला इन्सुलिन सुरू झाले आणि आमच्या पळसदरीच्या घरात संशय राहायला आला. रात्री ठरलेले इन्सुलिन घ्यावे, मोजकेच जेवावे आणि तरीही सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेलीच दिसावी, याचा अर्थ पत्नीच्या मते एकच होता. मोहोपाड्याला दिलेली आमची मुलगी पेढे घेऊन आली की ते कोणत्या डब्यात जातात, हे मला कळेनासे झाले. मी आयुष्यभर विज्ञान शिकवले, पण बचावाला माझ्याकडे शब्दाखेरीज काही नव्हते.

"डॉक्टरांना सांगून डोस वाढवून घेते," ती म्हणाली. "चोरून खाल्लेलंही जिरेल."

त्यातच संकष्टी आली. उपास अन्नाचा, औषधाचा नव्हे, असे समजून मी सकाळचे इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेतले आणि काहीच खाल्ले नाही. दुपारी तिला मी स्वयंपाकघरात फळीपाशी उभा सापडलो. हात थरथरत होते, छाती धडधडत होती.

"सापडलात! घाम बघा कसा फुटलाय."

"अगं, पाणी घ्यायला आलो."

"माठ तिकडे आहे."

"पुरे तुझी उलटतपासणी!" मी ओरडलो. एरवी मी ओरडत नाही. त्यामुळे तिचा संशय पक्का झाला.

"तोंड काहीही बोलेल. रक्तच बघू," म्हणत तिने यंत्र आणून माझे बोट टोचले. आकडा पाहून तिचा चेहरा उतरला. साखर धोकादायक म्हणावी इतकी खाली गेली होती. तिने घाईघाईने साखरपाणी कालवले.

"उपास मोडेल."

"गप्प बसा हो. आधी प्या."

दुसऱ्या दिवशी कर्जतच्या डॉक्टरांनी, उपासाच्या दिवशी न विचारता इन्सुलिन घेतल्याबद्दल रागावून झाल्यावर, उलगडा केला. इन्सुलिनने साखर फार उतरली की शरीर त्याला संकट समजते. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके रक्तात उतरतात आणि यकृताला साठवलेली साखर सोडायला लावतात. घाम, थरथर, धडधड ही ॲड्रेनलिनची लक्षणे. पकडल्या गेलेल्या चोराचीही तीच.

"मग सकाळची साखर न खाताच वाढते?" पत्नीने विचारले.

"वाढू शकते. झोपेत साखर फार उतरत असेल, तर हीच संप्रेरके ती वर ढकलत असतील. किंवा इन्सुलिन खरोखरच अपुरे पडत असेल."

"किंवा पेढे."

"किंवा पेढे," डॉक्टर हसले. "पण साखर उतरत असताना डोस वाढवला, तर हे झोपेतून उठणारही नाहीत. आधी मोजू."

पत्नीने माझी बाही धरून ठेवली.

दंडावर साखर मोजणारी चकती काही दिवस चिकटवली. आलेखात झोपेच्या वेळी खोल खड्डा होता आणि पहाटेपर्यंत चढण. रात्रीचा डोस कमी झाला, तशी सकाळची साखरही उतरू लागली.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिने हळूच विचारले, "अहो, ती चकती मधेच काढून ठेवता येते का? पेढ्यापुरती?"