कानाला लावायचं नरसाळं

नरसाळं ही काय गोष्ट सांगण्यासारखी वस्तू आहे, असं आमच्या घरचे म्हणतात. म्हणू द्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रेवाला बसायचा आणि तेलवाला, रॉकेलवाला, अत्तरवाला, सगळ्यांची नरसाळी त्याच्याच हातची. अत्तरवाल्याचं बोटाएवढं, तर तेलवाल्याचं इतकं मोठं की उन्हात डोक्यावर घालावं.

जन्मभर पत्रा ठोकून त्याचे कान गेले. "बायकोची सोय झाली," तो म्हणायचा. "ती मनसोक्त बोलते, मी हसतो." खरं तर ती माऊली बोलेनाशीच झाली होती. काही हवं असलं की दंडाला हात लावायची.

मग तिला घशाचं दुखणं जडलं. ती अंथरुणाला खिळली, आवाज बसत चालला. हा आवाज आता कायमचा जाणार, हे याला तेव्हा उमगलं. मला म्हणाला, "तुला म्हणून सांगतो. 'अहो' म्हणून हाक मारायची बघ, ती एकदा ऐकायची आहे. बस."

त्याने नरसाळं केलं. निमुळतं टोक याच्या कानात, पसरट तोंड तिच्या ओठांपाशी. तिने आत डोकावून पाहिलं, तर हाताच्या सवयीने या गृहस्थाने रॉकेलच्या नरसाळ्यासारखी आत जाळी बसवलेली.

"माझ्या बोलण्यात कचरा असतो का?" ती म्हणाली.

ते त्याला ऐकू आलं. दिवसभर गल्लीत सांगत सुटला होता.

मग ती रोज बोलायची. आमटीत मीठ कमी आहे, लेक माहेरी आलीय तर तिला जरा निजू द्या, उशी सरळ करा. 'अहो' मात्र नाही. कसं येणार? नवरा कान लावून समोर वाकलेला असताना त्याला हाक कोण मारतं? आणि मुद्दाम 'म्हण' म्हणायला हा लाजला. या वयात, सांगा.

आवाज आणखी बारीक झाला. याने आपला पत्रेवाल्याचा हिशेब केला: आवाज बारीक, तर तोंड मोठं हवं. दुकानात जाऊन मोठा पत्रा कापायला बसला. गडी खुशीत होता, मी समोरच होतो. तेवढ्यात लेक आली. हाक मारून उपयोग नव्हता. तिने नुसता त्याचा हात धरला आणि तो उठला.

घरी सगळं संपलं होतं. "काही बोलली का गं?" त्याने विचारलं.

लेकीने उशाचं नरसाळं त्याच्या कानाला लावलं. "तुम्हाला हाक मारली, बाबा. 'अहो' म्हणाली."

तो नरसाळं कानाला तसंच धरून बसला. लेकीला राहवलं नाही. "अगदी पुटपुटली हो. तुम्ही इथे असतात तरी ऐकू आलं नसतं."

"नरसाळं होतं की गं," तो म्हणाला.