लिमये सरांचं वाळवंट

लोक फिरून आल्यावर किस्से सांगतात. आम्ही अजून निघालोसुद्धा नाही, आणि आमच्याकडे पोतंभर जमलेत! माळ्यावरच्या खोक्यात जुन्या वायरी टाकाव्यात आणि वर्षानं बघावं तर एकमेकींत अशा गुंतलेल्या की एक ओढली तर पाच येतात, तसं झालंय. म्हटलं, विमानात बसायच्या आधी मोकळं व्हावं.

मंडळी चारच. मी दत्तू, कसबा पेठेतला तांबट. सातवीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा शाळेनंच हात जोडले. दुकान आता मुलगा बघतो, मी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला छळतो. दुसरे लिमये सर, चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. तिसऱ्या त्यांच्या मिसेस, सुमतीकाकू. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतात. चौथे कांबळेसाहेब, तेही रिटायर, वीज खात्यातून. रोज सकाळी साडेनऊला सर आणि साहेब माझ्या ओट्यावर हजर. काकू भाजी घेऊन येतात, पाच मिनिटं टेकतात आणि सरांना घेऊन जातात.

\*

एके सकाळी सर आले आणि चहाला नको म्हणाले. आम्ही तिथंच हादरलो!

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आले होते. म्हणाले, "मधलं दिसणं कमी होत जाणार. समोरचा माणूस पुसट, कडेचा स्पष्ट. हे वर्ष ठीक, पुढचं सांगता येत नाही म्हणे."

मी म्हटलं, "मग काय, आम्ही कडेला बसत जाऊ!"

कांबळेसाहेबांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं होतं. सर मात्र हसले. मग म्हणाले, "दत्तोबा, दिसतंय तोवर वाळवंट बघायचंय. आणि चुनखडीची गुहा. अमेरिकेत एक राष्ट्रीय उद्यान आहे, दोन्ही एकाच जागी."

"परत बघायचंय?"

"परत नाही. पहिल्यांदा."

माझ्या हातातला कप तिरका झाला. "अहो सर, माझ्या पोराला तुम्ही वर्गात सांगितलं होतंत, वाळवंटात उंटानं पाडलं म्हणून! कोपरावरचा वण दाखवला होतात सगळ्या वर्गाला! पोरगा आठ दिवस घरी तेच सांगत होता!"

"वण खरा आहे," सर शांतपणे म्हणाले. "उंट हे शैक्षणिक साधन होतं."

\*

कांबळेसाहेबांचा मुलगा कंपनीनं तिकडे पाठवलेला. तो म्हणाला, चौघं या, मी गाडीनं उद्यानात नेतो. फक्त रजा दोनच दिवसांची. साहेबांची सून अश्विनी अजून इकडेच, हिंजवडीला नोकरीला. तिनं उद्यानाचं माहितीपत्रक छापून आणलं.

सरांनी तोवर तयारी केली होती. पांढरे सुती सदरे, पांढरी टोपी, मानेवर घ्यायचा पंचा. ओट्यावर बसून मोठ्यानं माहितीपत्रक वाचायला लागले आणि मधेच थांबले. पुन्हा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"काय झालं?"

"इथं लिहिलंय, जूनमध्येही डोंगरावर बर्फ असू शकतो. रात्री थंडी. आणि गुहेत बाराही महिने दहा डिग्री."

"वाळवंटात?" कांबळेसाहेब ओरडलेच.

"थंड वाळवंट हा प्रकार असतो," सर म्हणाले. "पण तो परीक्षेला नव्हता, म्हणून मी नीट घेतला नाही."

काकू तेवढ्यात भाजी घेऊन आल्या. सरांनी घसा खाकरून हळूच विचारलं, "माकडटोपी कुठे ठेवलीये गं?"

काकूंनी पांढऱ्या टोपीकडे बघितलं, सरांकडे बघितलं. म्हणाल्या, "चौतीस वर्षं पोरांना उकडवलंत. आता थंडी वाजली होय?"

\*

त्याच माहितीपत्रकात पुमाचं लिहिलं होतं. म्हणजे तिकडचा डोंगरी सिंह म्हणा. समोर आला तर पळायचं नाही. हात वर करून आपण मोठे आहोत असं दाखवायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि ओरडायचं. हे खरंच लिहिलं होतं, माझ्या पदरचं काही नाही. मी फक्त एवढंच जोडलं की विमानात चढवायच्या आधी परीक्षा घेतात!

कांबळेसाहेब सरकारी नोकरीतले, परीक्षा म्हटलं की गंभीर. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बोळात, दोन्ही हातांनी शाल डोक्यावर ताणून, डोळे वटारून, "हाऽऽ! हट्! हाऽऽ!" असं सुरू झालं. मी ओट्यावर पोट धरून.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक बाई स्कूटरवरून आल्या. समोर सहा फुटी म्हातारा, शाल पसरून, गर्जना करतोय. मला वाटलं, आता गाडी टाकून पळणार!

बाईंनी शांतपणे ब्रेक दाबला. म्हणाल्या, "आजोबा, डावा हात खाली घ्या. मला वळायचंय."

आणि वळून गेल्या! धक्का बसला तो आम्हालाच. साहेब शाल घडी करत म्हणाले, "दत्तोबा, त्या पुमाचं काही खरं नाही. कसब्यात आला तर उपाशी मरेल."

\*

व्हिसाला मुंबईला गेलो. एकेकाला खिडकीशी बोलावत होते. मी मागे रांगेत, कान देऊन उभा.

कांबळेसाहेबांना विचारलं, परत येणार कशावरून? साहेब म्हणाले, "कसबा पेठेत मला घरासमोर गाडी लावायची जागा मिळालीये. ती सोडून कोण राहील?" खिडकीतल्या माणसाच्या शेजारी भाषांतर करणारी मुलगी पुण्याची असणार. तिनं भाषांतर करायच्या आधीच मान डोलावली.

सरांना विचारलं, जाण्याचा उद्देश काय? पर्यटन म्हणायचं, हे आम्ही आठवडाभर घोकून घेतलं होतं. सर ताठ उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "तपासणी."

मी मागे कपाळावर हात मारला. गेलं, सगळं गेलं!

"कसली तपासणी?"

"मी हजारो मुलांना वाळवंट आणि गुहा शिकवल्या. न बघता. बरोबर शिकवलं का, ते तपासायचंय. चूक निघाली तर बऱ्याच जणांना पत्रं लिहावी लागतील."

खिडकीतल्या माणसानं मान वर करून त्यांना नीट बघून घेतलं. मग पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा पास! काकूंना तर काही विचारलंच नाही. फक्त म्हणाला, "पत्रं लिहायला मदत करा."

\*

आता माझं पाप सांगतो.

गुहेत नेल्यावर गाईड मधेच दिवा बंद करतो, खरा अंधार कसा असतो ते दाखवायला. असं अश्विनीनं कुठे तरी वाचलं होतं. मी म्हटलं, सवय करायला हवी! एका दुपारी मंडळींना दुकानामागच्या भट्टीच्या खोलीत बसवलं, दार लावलं, फटींना गोणपाट लावलं. मिट्ट काळोख.

मी एक फडकं पाण्यात भिजवून ठेवलं होतं. सरांच्या मागे गेलो आणि मानेवर एक थेंब टाकला. टप्!

"कोण आहे?"

"हलू नका सर," मी आवाज खोल करून म्हटलं. "तुमच्यावर खांब तयार होतोय. चुन्याचा."

"किती वेळ लागेल?"

"इंचाला शंभर-दोनशे वर्षं! तुम्हीच शिकवलंत!"

कांबळेसाहेब खो खो हसत सुटले. सर हसले नाहीत. अंधारातून त्यांचा आवाज आला, "दत्तोबा, दार नको उघडूस इतक्यात. मला जरा बघू दे, घाबरायला होतं का."

मी फडकं हातात घेऊन तसाच उभा. साठ वर्षं लोकांच्या खोड्या काढतोय, पण पाणी माझ्याच अंगावर पडल्यासारखं झालं. बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "उघड आता. होतं थोडं."

\*

गुहेत आपापलं शिरता येत नाही. गाईडबरोबर जायचं, त्याचं तिकीट बरोबर महिनाभर आधी सुटतं, तिकडे सकाळी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. मोजकीच असतात, बघता बघता संपतात. साहेबांच्या मुलाच्या रजेमुळे आमच्याकडे दोनच तारखा. म्हणजे दोनच संध्याकाळी.

पहिल्या संध्याकाळी अश्विनीची कंपनीची बस वेळेत पोहोचणार नव्हती. म्हणून आम्हीच हिंजवडीला गेलो. दुपारी तीनला निघालो, सव्वासातला पोहोचलो! ऑफिसच्या गेटसमोर टपरीवर बसलो, अश्विनीनं लॅपटॉप मांडीवर घेतला. साडेसात. पान उघडलं. चार तिकिटं मिळाली! आता दहा मिनिटांत नावं भरायची.

"इथं एक अट आहे, यस करते," अश्विनी म्हणाली.

"न वाचता?" सर म्हणाले.

झालं. वाचली. दुसऱ्या गुहेत घातलेले कपडे, बूट इथं चालणार नाहीत. वटवाघळांचा एक रोग त्यावरून पसरतो.

कांबळेसाहेबांचा चेहरा उतरला. "माझे बूट! मागच्याच महिन्यात भाज्याच्या लेण्यात घातले होते. सगळी लेणी याच बुटांवर केलीत मी."

"लेणं म्हणजे गुहा नव्हे," सर म्हणाले. "लेणं माणसानं कोरलेलं. गुहा निसर्गनिर्मित."

"सर, वटवाघळाला काय माहीत कोरलंय कुणी ते?"

"प्रश्न वटवाघळाच्या माहितीचा नाही, व्याख्येचा आहे."

"बाबा, सहा मिनिटं राहिली!" अश्विनी.

मी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ वळवळली. म्हटलं, "मग आपलं खडकात कोरलेलं पाताळेश्वराचं देऊळ कशात धरायचं?"

त्यावर दोघंही माझ्यावर तुटून पडले. टपरीवाला म्हणाला, "आमच्या गावाकडं बी एक भुयार हाय, ते कशात?" तेही व्याख्येत बसवायला घेतलं. शेवटी सरांनी बोट वर करून निर्णय दिला, "नवीन बूट घ्यायचे, पण लेणं गुहा नव्हे हे नोंदवून!"

अश्विनीनं लॅपटॉप आमच्याकडे वळवला. वेळ संपली होती. तिकिटंही संपली होती.

समोरून कंपन्यांच्या बसेस चालल्या होत्या. सर म्हणाले, "मुद्दा माझाच बरोबर होता."

मग घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

\*

दुसरी संध्याकाळ. शेवटची. अश्विनी रजा टाकून सरांच्या घरी आली. अटी सकाळीच वाचून, भांडून, मिटवून झाल्या होत्या. मला तर तोंडात सुपारी धरून बसायला सांगितलं होतं.

साडेसात वाजले. पान फिरत राहिलं, फिरत राहिलं, उघडलं.

"दोनच मिळाली," अश्विनी म्हणाली. "बाकी गेली. काका, नावं सांगा. दहा मिनिटं आहेत."

कांबळेसाहेबांनी आणि मी एकदम हात वर केले, आम्ही नाही म्हणून. पण आमच्या आधी काकू बोलल्या. दाराशी उभ्या होत्या, हातात पोळीचं लाटणं.

"यांचं आणि कांबळेभाऊजींचं घाल. अंधारात धरायला माणूस हवा. मी गुहा बघितलीये."

सर मागे वळले. "कुठली?"

"बस्तरला. वडील जंगल खात्यात होते ना. अकरावीत होते मी."

"लेणं?"

"गुहा. चुनखडीची. बसून सरकत जावं लागायचं आत."

माझ्या तोंडातली सुपारी खाली पडली. साहेबांचा आ वासलेला. सर पूर्ण वळून बसले. "सुमती, मी... चौतीस वर्षं मी गुहा शिकवत होतो. घरी पाठ तयार करत होतो. तुझ्यासमोर. तू बोलली नाहीस?"

"लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला गुहा समजावून सांगितलीत," काकू म्हणाल्या. "पाटीवर काढून. इतकं रंगून सांगत होतात. म्हटलं, कशाला."

सर उठले. टेबलावरची वही-पेन्सिल घेतली आणि काकूंच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. ज्या गुडघ्यांवरून ते ओट्यावर चढताना रोज मला शिव्या देतात, ते गुडघे दुमडून!

"सांग," म्हणाले.

काकूंनी लाटणं खाली ठेवलं. "मशाल होती पुढे. धुरानं डोळे चुरचुरायचे. वरून खांब लोंबत होते, ओले, गार. आत खूप खाली पाणी होतं. त्यात मासे होते, पांढरे. त्यांना डोळेच नव्हते."

सरांची पेन्सिल थांबली. "मग वळायचे कसे?"

"ते नाही माहीत. पण कुठे आपटत नव्हते. मी किती वेळ बघत होते."

अश्विनी कासावीस होऊन आमच्याकडे बघायला लागली. साहेबांनी आधी सरांकडे बोट दाखवलं, मग काकूंकडे. मी मान हलवली. तिनं दोन्ही नावं भरली, बटण दाबलं आणि जागेवरून उडीच मारली.

"काका! झालं! बुक झालं! तुम्ही आणि काकू!"

सरांनी मागे वळूनही बघितलं नाही. फक्त हात वर केला.

"हळू. तास चालू आहे."