कनिष्ठ मशीन आणि साहेबांचे वीस जीबी

"चार मशिनी उठल्या, पाचवी उठत नाही," मी व्यवस्थापक साहेबांना सांगितलं. "आणि पाचवीच नोंदणीची आहे."

बाहेर धानविक्रीच्या नोंदणीची रांग लागली होती. शेवटचा दिवस. पाच वाजता नोंदणी बंद. रांगेत पहिल्या होत्या करडी गावच्या शेवंताबाई. हातात पिशवी, पिशवीत सातबारा. ही त्यांची तिसरी खेप. आज नोंद झाली नाही, तर यंदा त्यांचं धान केंद्रावर कोणी घेणार नव्हतं.

आमच्या खरेदी-विक्री संघाचं सगळं काम एका मोठ्या सर्व्हरवर चालतं; तो मी सांभाळते. त्याच्या पोटात पाच आभासी मशिनी आहेत. बाहेरून पाच वेगळे कॉम्प्युटर वाटतात, पण आत एकच मेमरी, म्हणजे रॅम, वाटून घेतात. एकूण चौसष्ट जीबी. त्यातले चार जीबी सर्व्हर स्वतःसाठी ठेवतो, उरले साठ. नोंदणीच्या मशिनीला सोळा लागतात. सकाळी वीज गेली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला, आणि नोंदणीची पाळी आली तेव्हा आठच उरले होते. सर्व्हरने सरळ नकार दिला: मेमरी अपुरी, मशीन सुरू होणार नाही.

"कालपर्यंत तर बरोबर चालून राहिली होती," साहेब म्हणाले.

मी वाटप उघडून पाहिलं. व्यवस्थापक वीस, लेखा चौदा, आस्थापना दहा, गोदाम आठ.

"हे कोणी ठरवलं?"

"मी," मुख्य लिपिक ढोमणे बाबू अभिमानाने म्हणाले. "सेवाज्येष्ठतेनं. साहेबाले आठच होते, बरं नाही दिसत. काल वीस केले. नोंदणीची मशीन यंदाच रुजू झाली. कनिष्ठ आहे ते."

मशिनी सुरू होण्याचा क्रमही त्यांनी त्याच यादीने लावला होता. हे सगळं लागू झालं आज सकाळी, सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर.

"साहेब, तुम्ही तुमच्या मशिनीवर काय करता?"

"मेल पाहतो."

मेल पाहायला तीन जीबी लागत होते. बाकीचे सतरा, एसटीच्या सीटवर दुपट्टा टाकून माणूस चहाला जावा तसे, अडवलेले. माझं डोकं तापलं.

"राबणारी मशीन उपाशी, आणि मेल पाहणारी वीस जीबी अडवून बसलेली! हे चालणार नाही. सगळ्या मशिनी समान आहेत. वाटप समान झालंच पाहिजे!"

शिपायाने टाळी वाजवली. साहेबही घाबरून, न समजताच 'हो' म्हणाले. मी एकेक मशीन बंद करून प्रत्येकीला बारा जीबी दिले. त्यात दोन वाजले. नोंदणी सुरू झाली. चौथ्या मिनिटाला कोसळली.

आता दुखणं वेगळं होतं. आधी सर्व्हर मेमरी देतच नव्हता. आता दिलेली मेमरी मशिनीला आत पुरत नव्हती. मी पुन्हा सुरू केली. पुन्हा कोसळली. समता प्रस्थापित झाली होती, आणि काम बंद होतं.

"काय होऊन राहिलं वो पोरी?" खिडकीतून शेवंताबाईंनी विचारलं.

"सगळ्यांना सारखं वाटून दिलं मावशी, तरी हिला पुरत नाही."

"सारखं कायले वाटलं? आमच्या तलावाचं पाणी वाटाचं काम माझ्याकडे आहे. ज्याचं धान निसवून राहिलं, लोंबी बाहेर पडून राहिली, त्याले आधी. ज्याचं कापून झालं, त्याचं बंद. मंग तो पाटील असो का कोणी."

मी बाबूंकडे वळले. "नोंदणीला सोळा, साहेबांना सहा."

"कनिष्ठाले सोळा अन् साहेबाले सहा? ऑडिटवाले मले धरतील ना मॅडम! यादी मोडता येत नाही."

"मग तिला बढती द्या!" मी वैतागून ओरडले.

बाबूंचा चेहरा उजळला. "असं आधी काहून नाही सांगितलं?"

त्यांनी आदेश टाइप केला: 'नोंदणी यंत्रास हंगाम संपेपर्यंत तदर्थ पदोन्नती देण्यात येत आहे.' साहेबांनी दोनदा वाचला. "हे केबिन तर नाही मागणार?" असं विचारून सही केली.

पावणेचारला मशीन सुरू झाली. या वेळी कोसळली नाही. शेवंताबाईंची पावती निघाली. त्यांनी ती सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आणि जाता जाता बाबूंना म्हणाल्या, "तुमची कनिष्ठ लय कामाची निघाली जी!" पाचला पाच कमी असताना रांग संपली.

दुसऱ्या दिवशी साहेब खुशीत होते. "वीस केल्यापासून माझी मशीन भारी पळून राहिली."

मला खोटं बोलता येत नाही. "साहेब, सहाच आहेत."

दुपारी बाबू दबक्या आवाजात विचारायला आले, "साहेब म्हणतात, विसाचे सहा झाले, हे सेवापुस्तकात तर नाही ना चढवत?"

मेमरी कमी पडली की नवी मागण्याआधी आहे ती कोण अडवून बसलंय ते पाहावं. आणि समतेची घोषणा देण्याआधी कोणाला किती लागते, हे विचारावं. मी दुसरं विसरले होते, त्यात आमचे पावणेदोन तास गेले.