व्हेरिएंट बी मधलं शेवटचं दार

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की "तारीख, वेळ आणि दोन साक्षीदार द्या, मग बोलू" असं म्हणणाऱ्यांपैकी मी. या ग्रुपवर वर्षभर नुसती वाचतेय, खरं सांगायचं तर हसायलाच. आज लिहितेय, कारण हे माझ्याच बाबतीत घडलं... आणि त्यात भीतीपेक्षा माझी चूक मोठी आहे.

पुण्यात मेट्रो नुकतीच धावायला लागली होती तेव्हाची गोष्ट. राहायला मी कोथरूडला, नोकरी बाणेरच्या एका छोट्या आयटी कंपनीत. आम्ही ट्रेनचे सिम्युलेटर बनवायचो – खऱ्या मापाची केबिन, खरी बटणं, समोर काचेऐवजी स्क्रीन. परदेशातल्या एका क्लायंटला नव्या मेट्रोसाठी तीन व्हेरिएंटची तुलना हवी होती. ए मध्ये चालकाची बंद केबिन. बी मध्ये केबिन लहान आणि मागे काच, म्हणजे प्रवाशांनाही पुढचा रूळ दिसणार. सी मध्ये चालकच नाही. चालकाला काय सोयीचं, प्रवाशाला काय आवडतं, याचे मार्क देऊन रिपोर्ट करायचा.

गाडी चालवून बघायला शिर्के काका यायचे. रेल्वेतून रिटायर झालेले ड्रायव्हर, वारज्याला राहायचे. बुटके, सडपातळ. खुर्ची पार वरपर्यंत चढवून बसायचे.

एक दिवस म्हणाले, "ताई, ही बी गाडी दिसायला झकास आहे. पण प्लॅटफॉर्म वळणावर असला की शेवटचं दार दिसत नाही. त्या दाराच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन केबिनच्या खांबाआड जातो. अर्धं उठून बघावं लागतं."

"उठल्यावर दिसतं ना, काका?"

"मी उठेन हो. दिवसभर दारं लावून दमलेला माणूस उठेल का?"

फॉर्मवर त्यांनी बी ला दार दिसण्याच्या रकान्यात दहापैकी दोन मार्क दिले आणि पुढे शेरा लिहिला. आमचा मॅनेजर अभिजित वैतागला. "क्लायंटला बी च आवडलीये. आता एका माणसाच्या उंचीसाठी डिझाइन बदलायला सांगू का? ते दोन जरा बघ ना."

मी बघितलं. दोनचे आठ केले, शेरा उडवला, नवीन प्रिंट काढून काकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. मी टेबलाकडेच बघत होते.

महिन्याभराने हार्ट अटॅकने काका गेले. ऑफिसच्या ग्रुपवर मी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. वारजं माझ्या घरापासून गाडीवर पंधरा मिनिटं... पण गेले नाही. कामं आहेत, असं स्वतःला सांगितलं.

मग बी गाडीच्या डेमोचा दिवस. सकाळचे अकरा, क्लायंटची चार माणसं, आम्ही तिघं. केबिनमध्ये कुणीही नाही, गाडी ऑटोवर. मी केबिनच्या दारातच उभी. खुर्ची मी सकाळी स्वतः खाली करून ठेवली होती.

वळणाचं स्टेशन आलं. दारं उघडली. ठरलेल्या सेकंदांनी ती बंद व्हायची... झाली नाहीत. पॅनेलवर अक्षरं आली – 'चालकाने दार रोखले'. अभिजितने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी नाही. तेवढ्यात मोठ्या स्क्रीनवर शेवटचं दार दिसलं. सॉफ्टवेअर आपोआप स्क्रीनवरचे प्रवासी सोडतं, त्यातली एक काठीवाली म्हातारी अजून दारातच होती. ती हळूहळू बाहेर आली. मग दारं लागली, गाडी निघाली.

क्लायंटच्या बाई खूश! "हे फीचर छान आहे," म्हणाल्या.

"हो, सेफ्टीसाठी केलंय," अभिजित म्हणाला.

असं कुठलंही फीचर आम्ही लिहिलेलं नव्हतं. मी केबिनमध्ये पाहिलं. खुर्ची पार वरपर्यंत चढलेली होती.

दुपारी लॉग उघडला. दार रोखायचं बटण खरोखर दाबलं गेलं होतं, आणि गाडी सुटेपर्यंत दाबून धरलेलं होतं. चालकाचा आयडी काकांचा. तो मी काका गेले त्या आठवड्यात डिलीट केला होता. हार्डवेअरवाल्याने सगळी वायरिंग तपासली. "एकदम ओके आहे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काकांचा मूळ फॉर्म मी क्लायंटला मेल केला, आकडे मी बदलले हेही लिहिलं. नोकरी गेली, ते बरोबरच झालं. क्लायंटने पुढे केबिनमधला तो खांब हलवला असं कानावर आलं.

मग वारज्याला गेले. काकूंना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "माहितीये मला. त्या दिवशीच घरी येऊन म्हणाले होते, ताईंनी आकडे बदलले."

"मग त्यांनी सही का केली?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, मान खाली घालून उभी होती गं पोरगी. तिचं तिला कळलंय. ती करेल नीट."



दार कुणी रोखलं, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. कुणाला तांत्रिक कारण सुचलं तर जरूर सांगा, मी शोधून दमलेय. पण दार रोखलं गेलं नसतं, तर मी ती मेल केली असती का? ते मात्र कुणी सांगायची गरज नाही. नसती केली.