रुक्मिणीबाईचा पोपट

वरवट बकालात शिवणमशीनवर भरतकाम करणारी बाई एकच होती, आणि ही गोष्ट रुक्मिणीबाई कोणाला घटकाभरही विसरू देत नसत. सहासष्ट साली नवऱ्यानं, किसनरावानं, कापसाच्या पैशातून खामगावाहून पायमशीन आणली, ती घरातले फाटकेतुटके कपडे शिवायला. पण बाईंना फाटक्यातुटक्याचा भारी तिटकारा. त्यांनी भरतकामाला कापड ताणून धरायची लाकडी रिंग मिळवली, रंगीत रेशीम आणलं, आणि किसनरावाची धोतरं बोहारणीची वाट पाहत फाटकीच राहिली.

तीन वर्षांत बाईंचा हात असा बसला की विचारू नका. पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या, रुई भरलेले हत्ती, बटणांच्या डोळ्यांचे ससे, जावयाला द्यायचे गुलाबाचे रुमाल. काम नामी होतं, खोटं कशाला बोला. पण जीभ! अरे बाप रे!

"या गावच्या बायांले देवानं हात काऊन देले काय माहीत," त्या म्हणायच्या. "गवऱ्याच थापाच्या होत्या तं एकेक फावडं देलं असतं तरी भागलं असतं."

आणि त्याच बाया त्यांच्या ओसरीवर येऊन बसत. कारण पाहुणे मुलगी पाहायला आले की तिच्या हातची कला बैठकीत मांडायची रीत. पोरींनी तर सुईत दोरा ओवलेला नसे. मग गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या आया एक दिवसापुरतं बाईंचं भरतकाम मागून न्यायच्या. बाई द्यायच्याही. दिल्याशिवाय नाक मुरडायला कसं मिळणार?

एकदा शेजारची सुभद्राबाई आपल्या गीतासाठी पोपटाचा अभ्रा न्यायला आली.

"गीतानं भरला म्हणून सांगशीन ना?" बाईंनी विचारलं.

"हाव ना बाई. दुसरं काय सांगू?"

"सांग, सांग. लाज वाटत नसन तं बिनधास्त सांग. पाहुणे बी बैलच असतीन."

सुभद्राबाईनं अभ्रा पदराखाली घेतला आणि गेली. बिचारी करते काय, पोरगी उजवायची होती. तिची पाठ वळते न वळते तोच बाई किसनरावाला म्हणाल्या, "पाहा, चोरटी कशी चालली!"

पोपट हा बाईंचा हुकमी माल. त्याचा खाका, म्हणजे सुईनं भोकं पाडलेला कागद, एकच होता. कपड्यावर तो ठेवायचा, रॉकेलात कालवलेली नीळ वरून फिरवायची, की खाली पोपट उमटला. एकच खाका, त्यामुळे झाडून सगळे पोपट डावीकडे मान वळवून बसलेले.

मग पाहुणे बाईंच्याच दारी आले. मुलगी शालू, वय अठरा. आधीची दोन स्थळं "कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. आता हे तिसरं, जामोदचं. मुलगा निवृत्ती, ग्रामसेवक, सरकारी नोकरी. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांनी हत्ती, ससे, रुमाल, अभ्रे असे मांडले की पाहुण्यांना टेकायला जागा उरली नाही.

"हे सारं आमच्या शालूच्या हातचं," त्या म्हणाल्या.

घ्या! लोकांच्या आया हेच बोलल्या की चोरट्या. आपण बोललो की मायेचं लेकरासाठी तुटणारं काळीज! शालू चहाचा ट्रे ठेवून खाली मान घालून बसली.

मुलाची आई तानुबाई. तिनं एक अभ्रा उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"हा पोपट माह्या वळखीचा हाय," ती म्हणाली. "सा महिन्यापासून पोरी पाहून राह्यलो आमी. टुनकीले पाह्यला, पातुर्ड्याले पाह्यला, तुमच्याच गावात गीता नावाच्या पोरीच्या घरी पाह्यला. सारे डावीकडंच पाह्यतात. काऊन हो बाई?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्या साऱ्या खोटारड्या हायेत! माह्या घरून मागून नेलं त्यायनं. असलं काम या पंचक्रोशीत फक्त याच घरात होते!"

"असं?" तानुबाई शांतपणे म्हणाली. "मंग मशीन बी घरातच असन. पोरीले दोन टाके मारून दाखवू द्या."

शालू उठली आणि मशीनसमोर बसली. पाय दाबला, चाक उलटं फिरलं, रेशमाचा गुंता झाला आणि सुई काडकन मोडली.

"घाबरली हो पोर," बाई हसण्याचा प्रयत्न करत म्हणाल्या.

"घाबरली नाही," शालू म्हणाली. "मले येतच नाही. तीन वर्स मी ही मशीन फक्त पुसली. माय म्हणते तुह्या हातानं रेशीम नासते. एकदा रिंग धरली तं हातावर कैची मारली तिनं."

निवृत्तीनं चहाची बशी खाली ठेवली.

तानुबाईनं अभ्र्याची नीट घडी घातली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"पोरगी पसंत हाय आमाले. खरं बोलते. पण एक ऐका बाई, रुखवतात तुमच्या हातचं काही मांडू नका. ना हत्ती, ना घोडा. पोरगी तेवढी द्या."

साऱ्या गावाला शब्दांनी सोलणाऱ्या रुक्मिणीबाईंनी तो अभ्रा घाईघाईनं पदराखाली घेतला. निदान पोरगी तरी आपली बाजू घेईल म्हणून त्यांनी शालूकडे पाहिलं.

शालूनं आईकडे पाहिलंही नाही. पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढं पोरींनी वर तोंड करून बोलायचं नसतं. ती पुन्हा बोलली.

"मंग कवा नेता मले?"