आधाराची अट

"मान जरा खाली घाल. फोटोत दुःख दिसलं पाहिजे."

हे माझ्या कानात सुलभाबाई बोलल्या. चंदीगडच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाई. नवरा युनिव्हर्सिटीत प्रोफेसर. मला स्टेजवर उभं केलं होतं, शेजारी मंडळानं मदत म्हणून दिलेलं शिलाई मशीन. माझ्या नवऱ्याला जाऊन महिना झाला होता. माइकवरच्या माणसाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. "या भगिनीचे यजमान," एवढंच तो म्हणत राहिला.

मी मान खाली घातली. त्याची लाज मला अजून वाटते.

आम्ही वाशीमकडचे. महार. माझा नवरा इथल्या एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा. नवीन आलो तेव्हा हौसेनं मंडळाच्या गणपतीला गेलो. सुलभाबाईंनी आडनाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाल्या, "बरं झालं आलीस. पंगत उठली की पत्रावळ्या तेवढ्या उचल." सगळ्या बायका बसल्या होत्या. मी उचलल्या. घरी येताना नवरा म्हणाला, "आता इथं यायचं नाही." नाही गेलो.

ते दिवस वाईट होते. पंजाबात खलिस्तानवाल्या अतिरेक्यांचा धुमाकूळ चालू होता. बसमध्ये सीटखाली कुणाचं बेवारस सामान दिसलं की लोक उतरून पळायचे. नवरा अंबाल्याहून परत येत होता. झिरकपूरच्या अलीकडे बसमध्ये बॉम्ब फुटला. मी त्याला स्वेटरवरून ओळखलं. मीच विणलेला होता.

त्यानंतर मी उठलेच नाही. पाच वर्षांची पोर घरात, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. शेजारच्या क्वार्टरमधली हरबंस कौर रोज यायची. पोरीला जेवू घालायची, माझ्याजवळ बसायची. समजूत घालत नव्हती. नवव्या दिवशी लेकीला म्हणावं तसं म्हणाली, "उठ धीए, केस विंचरू दे." जटा झाल्या होत्या. तिनं दुपारभर बसून एकेक गुंता सोडवला. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

तिचे सरदारजी पंप दुरुस्तीचं काम करायचे. मृत्यूचा दाखला, पेन्शन, माझ्या नोकरीचा अर्ज, सगळ्या रांगांत ते माझ्यासोबत उभे राहिले. बॉम्बमध्ये मेलेल्याची बायको आणि बरोबर पगडीवाला. लोक वळून बघायचे. एकदा एकजण त्यांच्या पायाशी थुंकला. ते जागचे हलले नाहीत. मला म्हणाले, "बहनजी, कागज़ संभालो."

मशीन दिल्यावर आठवड्यानं सुलभाबाई घरी आल्या. बसल्या नाहीत. चहा नको म्हणाल्या. चुलीपाशी हरबंस कणीक मळत होती. तिच्याकडे बघून मला मराठीत म्हणाल्या, "हिला घरात घेतेस? हिच्याच लोकांनी मारलं ना तुझ्या नवऱ्याला?"

मी पोरीला जवळ ओढलं.

"हे बघ, आमच्या बंगल्यामागं खोली आहे. पोरीला घेऊन तिथं राहा. धुणीभांडी कर, तुम्हा लोकांना सवय असते. मंडळ तुझ्या पाठीशी आहे. पण हिच्याशी संबंध ठेवायचा नाही."

हरबंसला शब्द कळले नसतील. रोख कळला. तिचे हात परातीत थांबले.

माझ्या अंगात काहीतरी सरळ झालं. मी म्हणाले, "बाई, मी मेल्यासारखी पडले होते तेव्हा तुम्ही कुठं होता? माझ्या ताटात कोण जेवतं ते मी ठरवीन. तुमचं मशीन घेऊन जा."

"माज आलाय," म्हणाल्या. मशीन न्यायला संध्याकाळी माणूस पाठवला.

पुढं मला त्याच दवाखान्यात आयाची नोकरी लागली. माझी ड्यूटी असली की पोर हरबंसकडं. वर्ष गेलं. आणि एका सकाळी पोलीस सरदारजींना घेऊन गेले. का, ते सांगितलं नाही. पोलिसांना हव्या असलेल्या कुणाचा तरी पंप दुरुस्त केला होता, एवढं नंतर कळलं. क्वार्टरांच्या लाइनीतली सगळी दारं लागली. ज्यांच्या घरी हरबंस बाळंतपणाला धावली होती, त्यांचीही.

मी तिचा हात धरला आणि ठाण्यावर गेले.

हवालदार म्हणाला, "तू कौन लगती है इसकी?"

"बहन."

त्यानं मला नीट पाहिलं. बोलण्यावरून, मोकळ्या कपाळावरून ओळखलं. "तेरा आदमी तो बस में मरा था. शर्म नहीं आती?"

"जिसने मारा उसको पकड़ो. ये तो मेरे साथ लाइन में खड़ा था."

त्यानं माझं नाव, पत्ता, नोकरी लिहून घेतली. आम्ही रोज गेलो. कधी उन्हात बसवलं, कधी हाकललं. बाराव्या दिवशी त्यांना सोडलं. पाय जमिनीला टेकवत नव्हते. पाना धरता येईल असा उजवा हात राहिला नव्हता. हरबंस एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, असं घरी आणलं. त्यानंतर ते फार बोलत नाहीत.

मला दवाखान्याच्या ऑफिसातून कागद आला. संशयिताच्या घरच्यांशी संबंध का ठेवले, खुलासा करा. मोठ्या बाबूंनी समजावलं, "लिहून टाक, ओळख नाही. पोरीचा विचार कर." हरबंससुद्धा म्हणाली, लिहून दे.

मी पोरीचा विचार केला. मग बाबूंच्याच टेबलाशी बसून लिहिलं. ओळख आहे. मी ठाण्यावर गेले होते. पुन्हा कुणाला असं नेलं, तर पुन्हा जाईन.